नो काकांची सही

नो काका ज्याला आवडत होते असा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि हे मी त्यांच्या बायकोला धरून बोलतोय. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं: नो. ऐंशीच्या दशकात ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही दहाबारा मराठी कुटुंबं होतो. मंडळाच्या गणपतीत कोणी म्हणायचं, "काका, कॉफी?" की "नो." आणि दोन मिनिटांनी स्वतःच उठून कपभर ओतून घ्यायचे. हे नाव मंडळातल्या पोरांनी ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "करेक्ट आहे. हो म्हणणारे इथे ढिगानं आहेत."

माझं दुर्दैव असं की ऑफिसातही ते माझे वरिष्ठ होते. जवळच एका जपानी कंपनीचा मोटारींचा कारखाना उभा राहत होता. त्याच्या आवारात एक ओढा होता आणि त्यावरून पाण्याचा पाइप नेणारा छोटा पूल मी डिझाइन केला होता. पाइप काठावरून थोडा खाली उतरायचा, पूल ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा वर चढायचा. काम किरकोळ. पण इंजिनियरच्या परवान्यासाठी मला काकांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि हिवाळ्याच्या आत परवाना नाही तर नोकरी नाही, असं कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं. काका म्हणाले, "आधी पूल, मग पत्र."

ड्रॉइंग तीनदा परत आलं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एकच शब्द: नो. काय चुकलंय विचारलं तर म्हणायचे, "पाइप बघ." मी आकडेमोड तीनदा केली, काही सापडलं नाही. माणूस जळतोय माझ्यावर, दुसरं काय. बायको म्हणाली, आपलाच माणूस आहे, घरी जाऊन भेटू या. तिनं डबाभर चिवडा केला. काकांनी तो आमच्यासमोर वाटीभर खाल्ला आणि म्हणाले, "चिवडा फर्स्ट क्लास आहे, सूनबाई. ड्रॉइंगचं नो." परतताना गाडीत आम्ही दोघं त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या उन्हाळ्यात मीटिंगांसाठी कंपनीनं आम्हा दोघांनाच जपानला धाडलं. रविवारी मला झोपायचं होतं. काकांनी सकाळी दार ठोठावलं, मला आधी ट्रेनमध्ये कोंबलं, मग एका खडखडत्या बसमध्ये, आणि भातशेतीतल्या कुठल्याशा खेड्यात नेऊन उतरवलं. वाटभर माझ्याच बायकोचा चिवडा मला न विचारता खात होते.

समोर दरीवर एक जुना दगडी पूल होता. त्यावरून माणसं नव्हे, पाणी जायचं. पलीकडच्या कोरड्या शेतांना पाणी मिळावं म्हणून गावकऱ्यांनी बांधलेला, पोटात दगडाचे पाइप. काका म्हणाले, "ज्यानं हा बांधायला घेतला तो गावचा प्रमुख. पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी मरणाचे पांढरे कपडे घालून वरती बसला होता म्हणे. पूल पडला तर आपणही जायचं. सही म्हणजे ती."

मी म्हटलं, "छान. आता परत जाऊ या का?"

"नो."

तेवढ्यात गावातल्या एका माणसानं पुलाच्या ऐन मध्यावरचा लाकडी खुंटा ठोकून काढला. पोटातलं पाणी कमानीसारखं बाहेर झेपावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे बूट भिजले.

"का काढतात तो?" काकांनी विचारलं.

"टुरिस्टांसाठी."

"नो. पाइप मधे खाली आहे. तिथे गाळ बसतो, म्हणून रिकामा करावा लागतो. तुझा पाइप कसा रिकामा होतो?"

होत नव्हता. तुषारांनी भिजत मी तिथे उभा राहिलो आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. नाताळात कारखाना दहा दिवस बंद. पाइपाच्या खालच्या भागात पाणी तसंच उभं. ओहायोतली थंडी. सांगलीत वाढलेल्या माणसाला पाण्याची बाकी सगळी भीती ठाऊक असते, पण उभं पाणी गोठून लोखंड फोडेल हे त्याच्या डोक्यात येत नाही. तळाला एक व्हॉल्व्ह हवा होता, बस्स.

"एका वाक्यात सांगता आलं असतं," मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर व्हॉल्व्ह टाकला असतास. विचार केला नसतास."

मला त्या क्षणी त्यांना दरीत ढकलावंसं वाटलं. चौथ्या ड्रॉइंगवर त्यांनी निमूट सही केली. पत्र मागितलं तर म्हणाले, "एक हिवाळा जाऊ दे. बघू." हिवाळ्याआधी माझी नोकरी गेली. पोटुशी बायको आणि सामान घेऊन मी नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला आलो, कमी पगारावर राबलो आणि दुसऱ्याच्या पत्रावर परवाना मिळवला. काकांशी पुन्हा बोललो नाही. दिवाळीत काकूंचा फोन यायचा, तेव्हा मी घरात असूनही नसायचो.

चार वर्षांनी नोव्हेंबरात काका गेल्याचं कळलं. मी गेलो नाही. खोटं कशाला सांगू, सुट्टी होती, विमानही होतं.

नाताळात ओहायोत कडाक्याची थंडी पडल्याचं टीव्हीवर सांगत होते. मला एकदम तो व्हॉल्व्ह आठवला. आता तिथे आहे कोण बघायला? कारखान्याच्या गेटवर फोन लावला, मी कोण ते सांगितलं. गार्ड म्हणाला, उघडलाय, काळजी नको. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "ते म्हातारे इंडियन गृहस्थ या वर्षी आले नाहीत? दर नाताळात कारखाना बंद झाला की यायचे. व्हॉल्व्ह स्वतः उघडायचे आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बर्फात त्या पुलाखाली उभे राहायचे. मी म्हणायचो, आत येऊन बसा."

काय म्हणायचे, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.