पिशवी नाही, हर्निया!

"पिशवीचा काही संबंध नाही. हर्निया आहे तुम्हाला," सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून सर्जन म्हणाले, आणि मला हसूच फुटलं. घरात माझ्या गर्भाच्या पिशवीवर पंचायत बसली होती ना!

मी मोशीची. चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांसाठी खानावळ चालवते. भाताचं पातेलं उतरवताना उजव्या जांघेत गाठ यायची, आडवं पडलं की आत जायची. बरेच दिवस कुणाला बोलले नाही. जांघ म्हणजे काय चारचौघांत बोलायची जागा आहे? शेवटी सासूबाईंना सांगितलं, तर त्या लगेच, "पिशवी खाली आलीया. काढून टाक. माझी न्हाई काढली?" जाऊबाईंनी री ओढली. नवरा म्हणाला, "आई म्हणती तर बघ की."

मी म्हटलं, बघते, पण काढत नाही. आमच्याकडं बाईचं बेंबीखाली काहीही दुखू दे, दोष पिशवीचाच. डोकं दुखलं म्हणून कुणी डोकं काढतं का? रिक्षा केली आणि एकटीच दवाखान्यात गेले.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीत पडलेली फट. तिच्यातून आतली चरबी नाहीतर आतडं बाहेर डोकावतं. बायकांनाही होतो, पुरुषांपेक्षा कमी, एवढंच. आतडं फटीत अडकलं तर जिवावर बेततं, म्हणून अंगावर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

ऑपरेशन लॅप्रोस्कोपीनं, म्हणजे दुर्बिणीनं करायचं ठरलं. त्यातही दोन पद्धती. टेप पद्धतीत पोटाच्या पोकळीत जातच नाहीत, स्नायू आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये जागा करून तिथं जाळी बसवतात. टॅपमध्ये कॅमेरा थेट पोटात घालतात, आतून अस्तर उघडतात, जाळी ठेवतात आणि अस्तर परत शिवतात. मी आपलं गोधडीवरून समजून घेतलं. एकीत दोन थरांमधून हात घालायचा, दुसरीत आतली बाजू उसवून.

"मग चांगली कुठली?" मी विचारलं.

"दोन्ही चांगल्या. बरं व्हायलाही फार फरक पडत नाही. सर्जनचा हात कशावर बसलाय आणि पेशंटचं पोट कसं आहे, ते बघायचं. तुमचं सिझर झालंय, खाली थर एकमेकांना चिकटलेले असणार. टॅप बरी. आतून सगळं दिसतंही."

"पिशवीपण?"

"दिसेल की."

"मग तिची शूटिंग काढून द्या मला."

डॉक्टर आधी गडबडले, मग हसून "देतो" म्हणाले.

थिएटरबाहेर मात्र घाबरले, खोटं कशाला बोलू! सासूबाईंनी निघताना सुनावलं होतं, "ऐकलं न्हाईस, आता तुझं तू बघ." नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. मी त्याला म्हटलं, "घाबरायचं काम माझं आहे, तू जाऊन चहा पी."

शुद्धीवर आले तर पोटापेक्षा खांदाच ठणकत होता. ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात, त्यानं तसं होतं, आपोआप जातं. पोटावर तीन बारीक छेद. दुसऱ्या दिवशी चालत घरी आले. डॉक्टर आणि तिथल्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण जड उचलायला काही आठवडे बंदी होती, म्हणून जेवायला येणाऱ्या पोरांनाच पातेली उचलायला लावली. फुकट खातात काय!

टाके सुकल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवून मोबाईलवर शूटिंग लावली. "ही बघा माझी पिशवी. गुलाबी, ठणठणीत, आपल्या जागेवर. आता बोला."

सासूबाई चष्मा लावून बघत राहिल्या. मग मला आतल्या खोलीत नेलं आणि माझा हात धरून लुगड्यावरून स्वतःच्या जांघेवर ठेवला. "पिशवी काढली, तरी हे हाय. कुणाला बोलले न्हाई." गाठ हाताला लागली, माझी होती तशीच. मला असा संताप आला! धड एक तपासणी न करता या बाईच्या अंगातला अवयव काढला होता. त्या रडल्या, मीही रडले.

म्हणून बायांनो, कुणी पिशवी काढ म्हणालं की आधी विचारा, गाठ कसली आहे? तपासून दाखवा म्हणा. लाजू नका.

सोमवारी सासूबाईंचा नंबर लावलाय. जाऊबाई म्हणाल्या, "आता या वयात कशाला, आई?"

सासूबाई कडाडल्या, "तू गप गं. जांघ माजी हाय."