शब्बीरभाईंचा उलटा हात

फोन आला तेव्हा मी अंगणात जीप पुसत होतो. सेनगावहून दत्तोबा टेलर बोलत होते. त्यांचं दुकान शब्बीरभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला लागूनच. "बापूराव, शब्बीरभाई गेले. दुकानातच... खुर्चीवर बसल्या बसल्या. समोर तुमचंच मशीन उघडं हाय." फोन बंद झाला.

तीस वर्षं मी सेनगाव–हिंगोली जीप चालवली. पॅसेंजर माझ्या जीपमध्ये भाड्यानं बसत नसत, गप्पांनी बसत. कयाधूच्या पुरातून मी जीप पोहत नेलेली आहे. एका बिबट्याला पुसेगावच्या फाट्यावर उतरवलेलं आहे, तेही अर्ध्या तिकिटात, कारण तो उभ्यानं आला होता. भीती ही चीज आपल्या घराण्यात न्हाई, असं मी इतक्या वेळा सांगितलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्या सकाळी मात्र मी घाबरलो. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

आदल्या दिवशी घरचा कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून मीच त्यांच्याकडं नेऊन दिला होता. आतला पंखा घरघर करून राहिला होता. सोबत वीज जोडायची केबलही दिली. ती केबल उंदरानं कुरतडली होती, आतली तांब्याची तार दिसत होती, आणि मी तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून वरून धूळ चोळली होती, जुनी पट्टी वाटावी म्हणून. शब्बीरभाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "केबल बराबर हाय ना बापू?" मी म्हणालो, "भाई, हत्ती बांधा तिला." मुलीची टायपिंगची पुढची परीक्षा तोंडावर, काम लवकर व्हावं, एवढाच विचार. आमच्या साखऱ्यापासून सेनगावपर्यंतचा रस्ता मी लाखदा तुडवलाय, पण त्या दिवशी तो संपेचना. डोळ्यांसमोर एकच... त्यांचा हात, आणि त्या हातात माझी केबल.

हा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला तो चार वर्षांपूर्वी. मनीषा, माझी मुलगी, बारावी झाली आणि तिला सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मी जीपमध्ये आधीच जाहीर करून टाकलं होतं की साखऱ्यात असं मशीन येऊन राहिलंय, जे दिल्लीतसुद्धा दोघांकडंच आहे. शहरात शिकणाऱ्या एका पोरानं मला चार शब्द शिकवले होते, ते मी शब्बीरभाईंच्या दुकानात जाऊन टाकले: चौसष्ट जीबी रॅम, भारीतला प्रोसेसर, गेमचं ग्राफिक्स कार्ड, काचेचा डबा, आतून लाल-निळा उजेड. शब्बीरभाई रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बापाच्या मांडीवर वाढलेले. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही गेले, कॉम्प्युटर आले, माणूस त्याच खुर्चीवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या घरी येतो. भाभीला चहा टाकायला सांगा."

ही त्यांची रीत होती. घर बघितल्याशिवाय ते मशीन सांगत नसत. आले, बसले, आणि मला सोडून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: काय करणार त्याच्यावर? मनीषा म्हणाली, मराठी-इंग्रजी टायपिंग, अर्ज भरणं, कॉलेजचा अभ्यास. बायको म्हणाली, शिवणाचे व्हिडिओ मोठे दिसले पायजेत, मोबाइलवर सुई दिसत न्हाई. माझी आई म्हणाली, त्याच्यात आमच्या ह्यांचा फोटो राहील का, भिंतीवरचा पुसट होऊन राहिलाय. शेवटी मला विचारलं. मी म्हणालो, सगळंच करणार. ते हसले. "म्हंजे काहीच न्हाई."

मग खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी लिहिली. जगात लोक प्रोसेसरपासून सुरू करतात. ह्यांची यादी उलटी. पहिल्या ओळीला अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवायचा खड्डा. दुसऱ्या ओळीला यूपीएस, लाइट गेली तर पंधरा मिनिटं मिळतील असा. तिसऱ्या ओळीला चांगला की-बोर्ड, "पोरीची बोटं त्याच्यावर नांदणार हायेत." मग डोळ्यांना त्रास होणार नाही असा मोठा स्क्रीन. मग आठ जीबी रॅम, पुढं वाढवता येईल अशी एक जागा मोकळी ठेवून. एसएसडी, म्हणजे मशीन चटकन उठेल. फोटो वेगळे जपायला बाहेरची एक हार्ड डिस्क. प्रोसेसर सगळ्यात शेवटी, साधा. ग्राफिक्स कार्डाच्या जागी एक आडवी रेघ. माझा चेहरा पडला असणार, कारण ते म्हणाले, "बापू, लग्नात घोडा नाचरा चालतो. रोज दूध घालायला म्हैस लागते."

आणि विचारलं, "घराला अर्थिंग हाय ना?" आमच्या घराला अर्थिंग नव्हतं. पण पत्रिकेवरच्या त्या आडव्या रेघेचा राग होता. मी म्हणालो, "हाय म्हंजे? बारा फूट खड्डा घेतलाय. कोळसा, मीठ, तांब्याचा पत्रा. खोदताना पाणी लागलं, ते अजून पितो आमी."

मशीन बसलं. आठ दिवसांत बायको म्हणाली, डब्याला हात लागला की मुंग्या येतात. मी म्हणालो, नवीन मशीन हाय, ओळख करून राहिलंय. तिनं मला न सांगता शब्बीरभाईंना फोन लावला. ते दुपारच्या उन्हात आले. मशीनसमोर उभे राहिले आणि उजव्या हाताची मागची बाजू हळूच डब्याच्या लोखंडाला टेकवली. लगेच काढली. पुन्हा टेकवली. मनीषानं विचारलं, चाचा, उलटा हात काहून लावला? ते म्हणाले, "करंट लागला की मूठ आवळते बेटा. सुलटा हात लावला तर मूठ त्यालाच धरून बसते. उलटा लावला तर हात सुटतो." आणि मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता: "बारा फुटाचा खड्डा दाखवा."

मी त्यांना मागं नेऊन सपाट जमीन दाखवली. त्यांनी टिकाव मागितला. परसात स्वतः खोदायला लागले, नको नको म्हणत मीही उतरलो. खाली गेल्यावर मातीनं माखलेले ते मला म्हणाले, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई, "गप्पा माणसाला मारा बापू. मी हसतो. करंट हसत न्हाई."

त्यानंतर दरवर्षी पाडव्याच्या आसपास त्यांचा फोन यायचा. ज्यांच्या ज्यांच्या घरी मशीन बसवलं त्या सगळ्यांना जायचा. कॉम्प्युटरचं काहीच नाही, फक्त एवढंच: "खड्ड्याला पाणी घातलं का?" आपल्याकडं उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, ओल जाते, आणि कोरडा खड्डा करंट पोटात घेत नाही. मी दरवर्षी म्हणायचो, घातलं. एकदा म्हणालो, खड्ड्यात मासे सोडलेत. यंदा पाडव्याला म्हणालो, दोन टँकर. ते म्हणाले, "टँकर ऱ्हाऊ द्या, दोन घागरी घाला." मी एकही घातली नव्हती.

तर त्या सकाळी मी पोचलो तेव्हा दुकान उघडं होतं. शब्बीरभाईंना घरी नेलं होतं. दत्तोबा रिकाम्या खुर्चीजवळ उभे. मी आधी काय विचारायला हवं होतं? कधी झालं, घरी कोण आहे... मी विचारलं, "वायर कुठं हाय?" दत्तोबांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. म्हणाले, डॉक्टर येऊन गेले, हृदय बंद पडलं, सकाळी दुकान उघडून बसले आणि तसेच मागं टेकले. वायर तर लावलेलीच नव्हती.

टेबलावर माझं मशीन होतं, पंखा साफ केलेला, आणि त्याला एक नवी केबल गुंडाळून ठेवलेली. बाजूला माझी केबल. चिकटपट्टी सोडवलेली, आणि केबल मधोमध कापून दोन तुकडे केलेले, म्हणजे चुकूनही कुणी वापरू नये. तुकड्यांना दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती. त्यांच्याच अक्षरात: "बापूची थाप. लावू नका."

मी तिथं खाली बसलो. सुटलो, असं वाटलं. आणि सुटलो असं वाटल्याची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. दुपारी कब्रस्तानात तीन मुठी माती टाकताना मला परसातला खड्डा दिसत होता, आणि त्यात उभा असलेला, मातीनं माखलेला हा माणूस.

मशीन घरी आलं आणि तीन आठवडे जुन्या लुगड्याखाली झाकून राहिलं. कुणी चालू करेना. बायको म्हणायची, आता मुंग्या आल्या तर कुणाला फोन लावायचा? मी हसून टाळायचो, पण त्या खोलीतून जाताना भिंतीकडून जायचो. मनीषाची परीक्षा आठ दिवसांवर आली. रात्री स्वप्नात मला मूठ दिसायची, आवळलेली, माझ्या पोरीची.

परवा सकाळी तिनं लुगडं काढलं. नवी केबल जोडली. बटणाकडं हात नेला आणि थांबली. मागं वळून मला विचारलं, अगदी त्यांच्याच चालीत, "पाणी घातलं का?"

दोन टँकर, असं ओठावर आलंच होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "यंदा न्हाई घातलं. कधीच न्हाई घातलं, बाई. थांब."

परसात गेलो. माती इतकी कोरडी होती की पहिल्या घागरीचं पाणी कुठं गेलं कळलं नाही, फक्त आवाज आला, तहानलेल्या माणसाच्या घशातून येतो तसा. दुसरी घातली. तिसरी घातली. बायको म्हणाली, बस झालं, दोनच सांगितल्या होत्या. ती तिसरी कुणाची, ते मी तिला सांगितलं नाही. मग आत आलो. मनीषा अजून तशीच उभी होती. बटण दाबायला मीच पुढं झालो. पंखा फिरायला लागला, आणि तिनं उजवा हात उलटा केला, हळूच डब्याला टेकवला. काढला. पुन्हा टेकवला.

मी, बायको आणि आई, तिघंही तिच्या हाताकडं बघत होतो. तिनं तो तिथंच राहू दिला.