आप्पांची सुई, माझी बातमी

आप्पा गेल्याचं मला फोनवर आलेल्या श्रद्धांजलीच्या एका चित्रातून कळलं. चित्रात साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला भलामोठा फोटो होता आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आप्पा. शेजारी ओळ, 'साहेबांच्या नेत्रशिबिरात दृष्टी लाभलेले आमचे आप्पा'... दुःख मागून आलं, आधी आली ती किळस. साहेबांची तर आलीच, त्याहून जास्त माझी स्वतःची. कारण ती ओळ मुळात मीच लिहिलेली होती.

युसूफ वडगाव या गावच्या बाजारात विश्वनाथआप्पांचं घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी कारखान्याच्या कचेरीत कारकून; साहेबांची भाषणं आणि वर्तमानपत्राला द्यायच्या बातम्या लिहायचं काम माझ्याकडे. रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत आप्पा रेकॉर्ड प्लेअरवर जुन्या तबकड्या लावायचे आणि आम्ही दोघं न बोलता ऐकत बसायचो. त्या यंत्रावर त्यांचा फार जीव. सुई ज्या डबीत असते ते कार्ट्रिज केसभर जरी तिरकं बसलं, तरी तबकडी संपत येताना आवाज फाटतो, हे त्यांनीच मला शिकवलं. दोन बारीक स्क्रू ढिले करायचे, रेघा आखलेल्या कागदावरच्या ठिपक्यावर सुई टेकवायची आणि डबी रेघांशी समांतर होईतो सरकवत राहायची. घड्याळवाल्याचा हात, त्यांना ते दहा मिनिटांचं काम. पण साठी उलटली आणि एका रविवारी ते म्हणाले, "दिगंबर, ठिपका दिसंना बे. दोन दोन दिसायलेत."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ते दुष्काळाचं वर्ष होतं. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद, पण साहेबांचा वाढदिवस बंद नव्हता. वाढदिवसाच्या नेत्रशिबिराची यादी भरायचं काम माझ्याकडे आलं आणि नावं कमी पडत होती. आप्पा म्हणत होते, अंबाजोगाईला जाऊन दाखवतो. मी म्हणालो, "कशाला हेलपाटा? आपल्या घरचं शिबिर हाय." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

शिबिराच्या दिवशी मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गावाला आठवड्यातून एकदा येणारा टँकर मंडपापुढं उभा होता आणि साहेबांच्या गाडीमागं धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारत होता. मागच्या शेडमध्ये ऑपरेशनं चालली होती आणि एक नर्स रिकामी बादली घेऊन पाणी मागत हिंडत होती. मी ते बघितलं आणि कचेरीत जाऊन बातमी लिहिली. शस्त्रक्रिया यशस्वी, सर्वांना दृष्टी लाभली. पट्ट्या सुटायच्या होत्या अजून! दोन दिवसांनी पट्टी सुटली तेव्हा आप्पांच्या डोळ्यात पू होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी बघून नुसती मान हलवली. उजवा डोळा गेला. त्याच आठवड्यात माझी बातमी आप्पांच्या फोटोसकट छापून आली, फोटोखाली तीच ओळ.

पुढं काही वर्षांनी जुनी सुई झिजली. पुण्याहून नवीन कार्ट्रिज आलं. आप्पांचा डावा डोळाही मंदावला होता. त्यांनी कागदाऐवजी रेघा ओरखडलेला आरशाचा तुकडा ठेवला. सुई आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब एका रेषेत आलं की नजर सरळ आहे असं समजायचं. "ह्या कामाला एक डोळा झाकावाच लागतो," ते हसत म्हणाले. "माझा साहेबांनी कायमचाच झाकलाय. लई सोय केली." मला हसू आलं नाही. तासभर झाला तरी डबी नीट बसेना, तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "तू सांग, रेघंला समांतर हाय का?"

मला धड दिसत नव्हतं. मान अवघडली होती, कंटाळा आला होता. मी म्हणालो, "हाय की. एकदम सरळ."

त्यांनी स्क्रू आवळले, सारंगीची तबकडी लावली. शेवटाकडं आवाज फाटला. आप्पांनी अलगद सुई उचलली आणि म्हणाले, "दिसत न्हाई तर दिसत न्हाई म्हन. सरळ हाय म्हनून कशाला सांगतोस?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. शेडमधली बादली, आधीच लिहिलेली बातमी, सगळं. मी खाली बघत बसलो. त्यांनी स्क्रू पुन्हा ढिले केले आणि या वेळी मला न विचारता, थोडं सरकवून ऐकत, परत थोडं सरकवत, संध्याकाळपर्यंत कानानं ती डबी बसवली.

कारखान्याच्या शोकसभेत साहेब रुमालानं कोरडे डोळे पुसत होते. आप्पांच्या डोळ्यांवर वीस मिनिटं बोलले, पण कुठला डोळा ते त्यांना आठवत नव्हतं. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि माइककडं न जाता सरळ बाहेर पडलो. त्यालाही फार शौर्य म्हणू नये. खरं सांगायला मी थांबलो नव्हतो.

तिथून मी आप्पांच्या मुलीकडं, शैलाकडं गेलो. दुकानामागच्या खोलीत उभ्यानंच तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"काका, आप्पांला ते शिबिराच्या दिवशीच म्हाईत हुतं," ती म्हणाली. "शेडच्या खिडकीतून तुमी त्यांला दिसला हुता. नर्सकडं बघून माघारी फिरताना. उजव्या डोळ्याला पट्टी हुती, त्यांनी चांगल्या डोळ्यानं बघितलं हुतं."

मी विचारलं, "मग कधी बोलले कसे न्हाईत?"

"तुमीच सांगताल म्हनायचे. दर रविवारी दोन खुर्च्या मांडायचे, अन् म्हनायचे, आज सांगंल बघ."

दोन्ही खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. मी उभाच राहिलो.