मोबाईलनं जितवलेला डाव

एक अख्खा हप्ता आकोल्यात मले बुद्धिबळात कोणी हरवू शकलं नाही. त्या हप्त्यात मी तापानं घरी पडून होतो.

माहं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. लोक गळका पंप तसाच पाठीवर घेत, माह्याकडं कोणी फिरकत नसे. बाजूले टेलर चाचा, त्यायचीही मशीन थंडी. मंग दुपारभर बुद्धिबळ.

अमरावतीच्या स्पर्धेले आमच्या लाइनीतून चार जण जाणार होते. तिघं ठरले. चौथा मी का चाचा, याच्यासाठी एक डाव ठेवला. मले मोठी हौस. जायासाठी नवा शर्टही डावाच्या आधीच शिवाले टाकला, चाचाकडंच. अन हरलो. मात व्हायच्या आधीच हात जोडून मोकळा झालो.

घरी येऊन, जिथं डाव सोडला होता तिथपासून सोंगट्या मोबाईलवर मांडल्या. मोबाईल म्हणे, पाच प्यादे होतीन इतका तू पुढं हायेस! फक्त आधी हत्ती देऊन टाक.

सकाळीच मोबाईल चाचाच्या नाकापाशी धरला.

"पाहा चाचा. जागा माही हाये."

"जितून राहिला होता त हात कावून जोडले?"

"मले दिसलं नाही."

"आता त दिसलं ना? बस मंग. तिथूनच खेळू. जितला त तू जाय."

मी हत्ती असा ऐटीत दिला, जसा लग्नात आहेर. मोबाईलच्या हिशोबानं चाचानं तो राजानं मारायचा होता. चाचानं उंटानं मारला. उंटानं मारल्यावर काय करायचं, थे मी मोबाईलले इचारलंच नव्हतं. चहा आला तवा मी मात खाऊन बसलो होतो.

तरी मी पुन्हा मोबाईलले इचारलं. उंटानं मारल्यावर त म्हणे मी पाच नाही, नऊनं पुढं होतो. तोही आकडा चाचाले दाखवला.

चाचा सुईत दोरा ओवून राहिले होते. मान वर केली नाही.

"मोबाईल खोटं नाही बोलत बाबू. पण त्यानं डाव पाह्यला, तुले नाही पाह्यलं. मी पाहून राहिलो इतके साल. तुह्या शर्टाचं कापड मी आजून कापलंच नाही."