काचेच्या कांडीतला उजेड

बाबा तापातून उठले, पण त्यांचं नाक गेलं ते गेलंच. जळगाव जामोदच्या बाजारात आमचं जिलबीचं दुकान होतं. बरणीतल्या पिठाला खमीर आलं की नाही, हे बाबा वरचं फडकं उचलून नुसत्या वासानं ओळखत. आता कितीही हुंगलं तरी काही कळेना. खराब जिलबी गिऱ्हाइकांनी तोंडावर परत केली.

"मी वास घेऊन सांगत जाईन," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या नाकानं धंदा करू काय बे?"

माझं डोकंच फिरलं. हट्टीपणाला काही हद्द! पण थंड भट्टीपुढे ते दिवसभर बसून राहत, तेही बघवेना.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. वाकवलेल्या काचेच्या कांडीतून उजेड वळून पलीकडे निघतो, हे वर्गात दाखवायचो. तशा दोन कांड्या, खालची टोकं समोरासमोर ठेवून, मी बरणीच्या झाकणातून आत सोडल्या. एकीच्या वरच्या टोकाला बॅटरी धरली की उजेड आत उतरून दुसरीच्या वरच्या टोकाला दिसायचा. पीठ फुगून कांड्या बुडाल्या की तो दिसेनासा व्हायचा. म्हणजे खमीर आलं. "डोये तं माहेच हायेत," म्हणत बाबा कबूल झाले.

बाजाराच्या दिवशी सकाळी कांडीतला उजेड गेला. "आलं बे," बाबा म्हणाले आणि तापानंतर पहिल्यांदा हसले. त्यांनी भट्टी पेटवली. मी झाकण काढलं आणि मागेच सरलो. सडका वास! पीठ फुगलं होतं, पण नासून. माझ्या कांड्यांना फुगणं तेवढं कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, नासलं. फेकून द्या."

"उजेड तं गेला ना?"

"गेला, पण घाण वास येऊन राह्यला."

त्यांनी बरणीवर वाकून लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग एक जिलबी तळली, पाकातून काढली आणि मी हात धरायच्या आत तोंडात टाकली. सावकाश चावली.

"मले तं चांगली लागते."

मी बरणी नालीत उपडी केली. मीच खोटं बोलतोय असं ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं.

"आज जिलबी नाई काय?"

"मले काय समजते," बाबा म्हणाले, "पोराले इचारा."