दिल्ली दरवाज्याबाहेरची म्हैस

हर्सूलहून औरंगाबादेतल्या कचेरीत मी आणि माझ्यासोबतचा एक कारकून रोज पायी जायचो. निजामाच्या राज्यात कारकुनालाही रुमी टोपी लागायची. मी ती घरातूनच घालून निघे. हा मात्र ती फडक्यात बांधून काखेत धरायचा आणि दिल्ली दरवाजा आला की झटकून डोक्यावर चढवायचा. दरवाज्याच्या आत तो अदबशीर उर्दू बोले. बाहेर त्याला स्वतःच्या म्हशीशिवाय विषय नसे. मला हे थेर वाटायचे.

"वाट आपली हाय, सरकारची नाय," तो म्हणायचा.

एका संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो, त्यानं टोपी बांधली, म्हैस सुरू झाली, तोच मोठ्या साहेबांची बग्गी शेजारी थांबली. साहेबांनी उर्दूत कसल्याशा कागदांबद्दल विचारलं. हा वळला आणि चालू लागला. गेली याची नोकरी, मी म्हटलं. पण तो दरवाज्याच्या कमानीखाली थांबला, टोपी घातली, वाकून आदाब केला आणि तिथूनच खणखणीत उर्दूत सगळं सांगितलं. साहेब हसत निघून गेले.

तो परत बाहेर आला, टोपी फडक्यात बांधली.

"तर काय सांगत होतो," तो म्हणाला, "सकाळपासनं तिनं वैरणीला तोंडच लावलं नाय."