घरगाडीतला मुक्काम धरायचा का?

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. चार म्हातारे शेकोटीला बसले की ते आपोआप साचतात, विहिरीत पाझर साचतो तसे. एक उपसला की खालून दुसरा वर येतो. आमच्याकडे पुष्कळ साचलेत. पण ह्या हिवाळ्यात पारसभाऊंनी घरगाडी आणली, अन् एका मुक्कामात जेवढे किस्से झाले तेवढे मागच्या कैक मुक्कामांत मिळून झाले नसतील!

आधी माणसं सांगतो. राजधर नाना आमच्यात वडील. त्यांचं वावर भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. सुपडूअण्णा धुळ्याचे, एसटीचे ड्रायव्हर होते, आता रिटायर. पारसभाऊंचं जळगावात धान्याचं दुकान, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. अन् चौथा मी, भिका. शेजारच्या डाळ मिलमध्ये पोती वाहायचो. नाना तूर घेऊन यायचे, ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत पारसभाऊंच्या ओट्यावर बसायचे. सुपडूअण्णा तिथंच चहाला यायचे. ओट्यावरची ओळख ती, वावरापर्यंत गेली.

दर हिवाळ्यात, भरताची वांगी निघाली की नाना आम्हाला मुक्कामाला बोलावतात. दोन रात्री वावरात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, भाकरीबरोबर खायची अन् बाजरीच्या काडाजवळ उघड्यावर पडायचं. हल्ली पोरं याला कॅम्पिंग म्हणतात. आम्ही मुक्काम म्हणतो.

नानांचा एकच कायदा. "पाठ मातीले लागनी, तोच मुक्काम. बाकी बठ्ठं पाहुणपण!"

हा कायदा नुसता बोलायचा नाही. शेवटच्या सकाळी नाना एकेकाला पाठ फिरवायला लावतात अन् एक सणसणीत थाप मारतात. धूळ उडाली की पुढच्या वर्षाचं आवतण पक्कं. नाही उडाली, तर राम राम!

एका साली नानांचे सख्खे साडू हवेची गादी घेऊन आले होते. सकाळी थाप मारली. धूळ नाही! पुढच्या वर्षी साडूंना आवतण गेलं नाही. नानी कितीतरी दिवस नानांशी धड बोलल्या नाहीत. भाजीत मीठ आहे की नाही तेसुद्धा सांगेनात!

* * *

मागच्या हिवाळ्यात पारसभाऊंच्या पाठीचं ऑपरेशन झालं, म्हणून ते आले नाहीत. ते नानांनी माफ केलं. "आजार शे, त्याले कायदा नई." पण यंदा डॉक्टरनी सांगितलं, हिंडा-फिरा, फक्त जमिनीवर झोपायचं नाही.

मग मुलानं एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली अन् आतल्या सीटा काढून घर बसवलं. पलंग, गॅस, ओव्हन, फ्रिज, नळ, संडास, एसी! खिडकीला पडदे, पडद्याला झालर.

मला गाडी दाखवताना पारसभाऊ खूश होते. पण मध्येच हळू आवाजात म्हणाले, "भिका, घरात सगळे म्हणतात, बाबा झोपा, बाबा उचलू नका, बाबा वाकू नका. जिथं मला कुणी पेशंट समजत नाही अशी एक तेवढीच जागा आहे रे. नानांनी आवतण काढून घेतलं तर?"

मी म्हटलं, "गाडी वावरातच उभी राहणार ना? मग मुक्काम वावरातच."

"ते तू म्हणतोस. नाना काय म्हणतील?"

मला साडूंची हवेची गादी आठवली. मी पडद्याची झालर सारखी करत बसलो.

* * *

गाडी चालवायला सुपडूअण्णा. रिटायर झाले तरी हात शिवशिवतातच. स्टिअरिंगला नमस्कार केला, आरसा पुसला अन् निघालो. मी पुढं, पारसभाऊ मागं पलंगावर आडवे.

पाचोरा सोडलं अन् एका फाट्यावर गाडी थांबली. मला वाटलं काही बिघडलं. बघतो तर अण्णांनी सवयीनं स्टॉपवर गाडी लावलेली! लिंबाखाली एक म्हातारी अक्का टोपलं घेऊन उभी होती. तिनं काय करावं? दार उघडलं, टोपलं आत सरकवलं अन् चढली!

"भाऊ, भडगावले सोडी दे."

तिनं सीट शोधली. सीट कुठं? समोर पलंग, पलंगावर शेठ! अक्का पायथ्याशी टेकली, फ्रिजकडे बघितलं, पडद्याची झालर बोटानं चाचपली.

पारसभाऊ उठून बसले. म्हणाले, "अक्का, ही सवारी गाडी नाही."

"मंग तू काय करी ऱ्हायना आठे?"

"मी मुक्कामाला चाललोय. कॅम्पिंग!"

अक्कानं त्यांच्या कमरेचा पट्टा बघितला, उशाशी गोळ्यांची डबी बघितली. मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दवाखाना भडगावमा चांगला शे, भाऊ. घाबरू नको!"

पारसभाऊंनी डबी उशीखाली सारली, ती भडगाव येईपर्यंत बाहेर काढली नाही. अण्णांचे खांदे मात्र सारखे हलत होते, अन् रस्ता तर चांगला होता!

* * *

वावरात पोचलो. नाना खाटेवर बसलेले. उठले, गाडीला एक फेरी मारली, बैल विकत घेताना मारतात तशी. आत डोकावले. नळ सोडला, बंद केला. पलंग दाबून पाहिला.

"हाई गाडी शे का बंगला?"

"नाना, डॉक्टरनं जमिनीवर झोपायला मनाई केलीय," पारसभाऊ म्हणाले.

"मंग पलंगवर झोप. मी कोठे नई म्हनस?"

"अन् मुक्काम?"

नाना वांगी बघायला निघून गेले. नानांचं न बोलणं फार लांबपर्यंत ऐकू येतं!

* * *

आता एक गोष्ट सांगायची राहिली. पारसभाऊ जैन. वांगं खात नाहीत. म्हणजे भरताच्या मुक्कामाला दर वर्षी येणारा माणूस, अन् भरताला हात लावत नाही! ते आपली डाळ-बट्टी करतात, गोवरीच्या निखाऱ्यात भाजून. शिवाय सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. मग त्यांना सोबत म्हणून आम्ही सगळेच उन्हं असताना जेवून घेतो. एका माणसाच्या धर्मापायी तिघांची पोटं सुधारली!

तर त्या दिवशी काड्या पेटायला वेळ लागत होता. रात्रीच्या दवानं ओल्या झालेल्या, अजून सुकल्या नव्हत्या. पारसभाऊ मोटारपंपाकडं फिरायला गेलेले. सुपडूअण्णांना घरगाडीतला ओव्हन आठवला. "भिका, हे यंत्र दोन मिनिटांत भाजतं म्हणे. एक वांगं टाकून बघू?"

मी म्हटलं, "अण्णा, गाडी जैनाची आहे."

"यंत्राला काय जात-धरम?"

चुलीवर वांगं भाजायचं तर आधी त्याला सुरीनं टोचतात, तेल लावतात. अण्णांनी आयुष्यात गाडी हाकली, चूल नाही. आख्खं वांगं, मुठीएवढ्या देठासकट, आत ठेवून बटण दाबलं.

आधी गुणगुण झाली. मग शिट्टीसारखा आवाज आला. अण्णांनी काळजीनं दार उघडलं, अन् धाड!

छताला वांगं, झालरीला वांगं, अण्णांच्या मिशीला वांगं. आवाज ऐकून पारसभाऊ जमेल तेवढे भराभर आले अन् दारातच थांबले. तेवढ्यात छताला चिकटलेला एक गोळा सुटला तो थेट त्यांच्या टोपीवर!

त्यांनी टोपी काढून निरखून बघितली. मग शांतपणे म्हणाले, "अण्णा, उभ्या जन्मात मी वांगं तोंडात घातलं नाही. तू डोक्यात घातलंस!"

नाना एवढे हसले की त्यांना खाटेवर बसवावं लागलं. गाडी पुसायला मी अन् अण्णा. बिया मात्र पडद्यातून अजून निघतात.

* * *

शेजारच्या वावरात एका ठेलाऱ्याचा, म्हणजे भटक्या मेंढपाळाचा, वाडा उतरला होता. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या, असा सगळा संसार. खतासाठी रात्री वावरात मेंढ्या बसवतात, म्हणून शेतकरीच त्यांना बोलावून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक म्हातारा चहाला आला. पारसभाऊंना वाटलं, जन्मभर उघड्यावर राहिलेला माणूस, हा खरा न्याय करील.

"बाबा, तुम्हीच सांगा. मी ह्या गाडीत झोपतो. हा मुक्काम धरायचा की नाही?"

नानांनी चहा खाली ठेवला. त्यांनाही ऐकायचं होतं.

म्हातारा काठी टेकत आत गेला. सावकाश सगळं बघून बाहेर आला.

"पाणी गाडीमा शे. चूल गाडीमा शे. परसाकडे जावानं, ते बी गाडीमा!" त्यानं पारसभाऊंकडं बघितलं. "मंग तुम्ही खाले उतरनात कसाले?"

पारसभाऊ गोंधळले. म्हणाले, "गप्पा मारायला."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "हां. त्या तेवढ्या गाडीमा नई मावतस." अन् चहा पिऊन मेंढ्यांकडं निघून गेला.

पारसभाऊ म्हणाले, "माझ्या बाजूनं बोलला." नाना म्हणाले, "मन्हा बाजूनं!" दोघं दुपारपर्यंत त्यावर भांडत होते.

* * *

भांडणात पारसभाऊ हरायला लागले, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. मला म्हणाले, "भिका, एक पाटी माती आण." मी आणली. त्यांनी ती रिकाम्या गोणीत भरून घेतली अन् गोणी गादीखाली पसरली.

"बघा नाना! आता पाठ मातीवरच आहे की. मध्ये फक्त गादी आहे!"

नानांनी गादी उचलली, गोणी बघितली, गादी ठेवली.

"पारस, बादलीमा पाय बुडाईसन मानूस पोहनारा व्हत नई."

पारसभाऊंनी पुन्हा वाद घातला नाही. मी गोणी रिकामी करून आलो.

* * *

त्यावर सुपडूअण्णांनी आपला मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं, गाडीत झोपणं हे काही कमी कष्टाचं नाही. "नाना, मी हॉल्टच्या गाडीवर ड्युटी केली. कुठलंबी खेडं असो, एसटीतच झोपायचो. डास, थंडी, पत्रा, सगळं सोसलं. माझे एवढे मुक्काम झाले, ते धरा की!"

"लोकांना काय वाटायचं?" मी विचारलं.

"गाववाले म्हणायचे, बिचारा ड्रायव्हर. बायको म्हणायची, मजा आहे तुमची. अन् डेपोत साहेब म्हणायचे, नुसत्या झोपा काढतो!"

अण्णांनी मिशीत राहिलेली वांग्याची एक बी काढली. "कॅम्पिंग कुणीच म्हटलं नाही राव!"

* * *

दुसऱ्या संध्याकाळी चांगलीच थंडी पडली. पारसभाऊ लवकर गाडीत गेले. काचा बंद, पडदे ओढलेले. आम्ही शेकोटीला. नानांनी एका बैलजोडीचा जुना किस्सा काढला. ऐन रंगात आला अन् आम्ही हसलो, तशी गाडीची काच सरकली.

"काय झालं? काय म्हणाले?"

नानांनी पुन्हा सांगितलं. काच बंद. अण्णांनी दुसरा सांगितला, हशा झाला. काच उघडली.

"काय? काय म्हणाला?"

पुन्हा सांगितला. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी पारसभाऊंनी काच उघडीच ठेवली अन् उशी काचेशी घेऊन पडले. थंडी सरळ आत जात होती. नानांनी ते बघितलं. उठले, शेकोटीतली दोन जळती लाकडं ओढली अन् गाडीकडच्या बाजूला नेऊन रचली. आम्हाला पण तिकडं सरकावं लागलं.

पुढचे किस्से आम्ही जरा मोठ्यानं सांगितले.

* * *

शेवटची सकाळ. गाडी धुऊन-पुसून तयार. पारसभाऊंनी आंघोळ केली, पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातला अन् आधीच सगळ्यांचा निरोप घ्यायला लागले. कुणी आपल्याला नाही म्हणायच्या आत आपणच निघावं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

नानांनी आधी मला बोलावलं. थाप! धूळ उडाली, वर काडाचं तूसही उडालं. मग अण्णा. थाप! अण्णा खोकले, आम्ही पण खोकलो.

पारसभाऊ गाडीकडं वळले. "चला अण्णा, ऊन चढायच्या आत पोचू."

"पारस," नाना म्हणाले, "पाठ फिराव."

"नाना, राहू द्या. मला कायदा माहीत आहे."

"फिराव म्हनं ना!"

पारसभाऊंनी पाठ फिरवली. मान खाली घातली, शाळेतल्या पोरासारखी. नाना लगेच पुढं झाले नाहीत. बांधाशी उकिडवे बसले. दोन्ही हात मातीत घातले, चांगले मनगटापर्यंत, अन् जेवायच्या आधी पाण्यात चोळतात तसे सावकाश चोळले. मी अन् अण्णा बघत होतो. नानांनी आमच्याकडं बघितलं नाही.

मग ते उठले, पारसभाऊंच्या मागं गेले. ऑपरेशनची जागा सोडून, वर खांद्यापाशी, दोन्ही हातांची थाप मारली. जोरात नाही. पण धूळ अशी उडाली की आमच्यापैकी कुणाचीच तेवढी उडाली नव्हती!

पारसभाऊंनी मान वळवून आधी खांदा बघितला. शुभ्र कापडावर दोन काळे पंजे. मग नानांकडं बघितलं. माणूस शेवटी व्यापारी!

"काय हे नाना! इस्त्रीचा शर्ट होता!"

नाना हात झटकत खाटेकडं निघाले.

"मंग पुढला साले बिगर इस्त्रीना घालीसन ये!"